अण्णांचा परवाना, सिदूचा खांदा

सोलापूरच्या भुसार बाजारात माझं दुकान आणि रेवणप्पा अण्णांचं दुकान शेजारी शेजारी. मध्ये एकच भिंत, तीही सामाईक. चोर आला तो मात्र माझ्याकडे. तेलाचे डबे गेले, तराजू गेला, गल्ल्याशेजारचा पितळी गणपतीसुद्धा गेला. फिर्याद मी दिली, पेपरात नाव माझं छापून आलं, आणि त्या बातमीचं कात्रण जोडून रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज केला तो अण्णांनी. शेजारी चोऱ्या होतात, सबब अर्जदाराच्या जिवाला धोका आहे, असं त्यात लिहिलं होतं. पुढाऱ्यांच्या घरी खेटे घालून, साहेबांच्या केबिनबाहेर बाकडी झिजवून शेवटी परवाना आला. धोका माझ्या दुकानात येऊन गेला होता आणि संरक्षण मिळालं त्यांना. मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो.

तेव्हापासून ज्वारी-तूर विकणारा हा माणूस बाजारात वेगळाच चालायला लागला. झब्बे नवीन शिवले, बाजूची चीर वाढवून घेतली. बसताना झब्बा असा काही सावरायचे की कमरेचा चामडी पट्टा आणि त्यातली ती काळी मूठ समोरच्याला दिसलीच पाहिजे. थंडीत स्वेटर घालायचं त्यांनी सोडलं, कारण स्वेटरखाली झाकलं जातं. लग्नात त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळू लागली. मयताला गेले तरी लोक आधी त्यांच्या कमरेकडे बघत आणि मग तिरडीकडे. त्यांच्या बायकोनं, हेमावती अक्कांनी, त्या रिव्हॉल्व्हरचं नाव 'अण्णांचं दुसरं पोट' असं ठेवलं होतं. पहिलं पोट त्याहून बरंच मोठं होतं, हे सांगायला नकोच.

परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो आणायला अण्णा आधीच पुण्याला जाऊन आले होते. तिथं काही गोळ्या झाडल्या म्हणे. कशाला लागल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, कान मात्र आठवडाभर वाजत होते. शिकवणाऱ्या निवृत्त सुभेदारानं निघताना सगळ्यांना सांगितलं होतं की पोलिसांनी अडवलं तर हात दिसतील असे ठेवा, जवळ शस्त्र आहे हे आपण होऊन सांगा, त्याला हात लावायला जाऊ नका, मागतील तेव्हा परवाना दाखवा, आणि काही झालं तरी आवाज चढवू नका. सांगणं शहाण्या माणसाचं होतं. अण्णा नेमबाजी विसरले, पण हे पाठ करून आले.

मग काय, बाजाराला शिकवणी सुरू झाली. हमाल पाठीवरचं पोतं उतरवतोय आणि अण्णा गादीवरून त्याला सांगतायत की पोलिसासमोर हात खिशात घालायचा नाही. दाढी करायला येणारा कुमार न्हावी वस्तरा गळ्यापाशी धरून ऐकतोय. यातल्या कुणाच्या घरात विळा-कोयत्यापलीकडे हत्यार नाही, पण कमरेला रिव्हॉल्व्हर असलेल्या माणसानं पोलिसांशी कसं वागावं हे आमच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. "शांत राहायचं आणि नम्र राहायचं," अण्णा म्हणायचे. "माणसाचं पाणी तिथंच कळतं." हे ते इतकं गंभीरपणे म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपल्याकडे रिव्हॉल्व्हर नसल्याची लाज वाटावी.

एवढी तयारी केली, पण त्यांना अडवायला कुणी तयार होईना. हे खरं दुःख. पांढरी गाडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर कडक इस्त्री, असल्या माणसाला कोण अडवतंय? रस्त्यात तपासणी चाललेली असायची, मोटरसायकलवरची पोरं ओळीनं उभी असायची, टेंपोवाल्यांची कागदं उलटीपालटी होत असायची, आणि अण्णांची गाडी दिसली की शिपाई हातानंच म्हणायचा, जावा जावा. अण्णा गाडी मुद्दाम हळू करायला लावत. एकदा तर काच खाली करून त्यांनी विचारलं की आमचं तपासायचं नाही का. शिपायानं विचारलं, तपासण्यासारखं काही आहे का? आतून बायको हसली आणि अण्णा काच वर करून पुढे गेले.

गाडी चालवायचा सिदू. सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातला, उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला मोजका. मेंढरं भावाकडे ठेवून तो सोलापुरात आला आणि अण्णांच्या दारात स्थिरावला. बायको कस्तुराबाई गावी शेरडं सांभाळून होती आणि मुलगी पूनम पोलीस भरतीची तयारी करत होती. पूनम मैदानी चाचणी पास झाली तेव्हा सिदूनं बाजारात पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं चहा पाजला. आता लेखी निघाली की कागदपत्रं, मग घरच्या चारित्र्याची चौकशी, असं तो ज्याला त्याला सांगायचा. आमच्या घरात कुणाच्या नावावर साधी तक्रारसुद्धा न्हाय, हे तो लई अभिमानानं सांगायचा.

अण्णांना सरावासाठी पोलीस लागायचा, तो सिदूच व्हायचा. गोदामामागं गाडी उभी करून अण्णा आत बसायचे आणि सिदू खिडकीत वाकून विचारायचा, कुटं निगाला? अण्णा म्हणायचे, पोलीस असं विचारत नसतो, जरा दरडावून विचार. मालकावर दरडावायचं सिदूला काही जमलं नाही. पण ऐकून ऐकून अण्णांचं सगळं पाठांतर त्यालाही झालं होतं.

आता या रिव्हॉल्व्हरची एक अडचण होती, ती अशी की ते वागवायला जड होतं. उभं राहून मिरवायला ठीक, पण बसलं की मूठ थेट बरगडीत घुसायची. जेवायला बसताना अण्णा पट्टा सोडायचे. दाढीला बसताना सोडायचे. आणि देवळात तर सोडावाच लागायचा, कारण चामडं घेऊन देवापुढं जायचं नाही हा त्यांच्या घरचा कडक नेम. पायातले जोडे, खिशातलं पाकीट आणि कमरेचा पट्टा, तिन्ही देवळाबाहेर. जोडे काढावेत इतक्या सहज ते रिव्हॉल्व्हर काढायचे आणि सिदूच्या हातात द्यायचे. सिदू एका हातात जोडे, एका हातात ते धरून झाडाखाली उभा. परवाना अण्णांचा, फोटो अण्णांचा, शिक्का सरकारचा, आणि ओझं सिदूचं. महिन्याचा हिशेब कुणी केला असता तर रिव्हॉल्व्हर अण्णांपेक्षा सिदूकडेच जास्त वेळ निघालं असतं.

मी एकदा विचारलंही की अण्णा, हे दुसऱ्याच्या हातात देणं नियमात बसतं का. अण्णांना माझी कीव आली. म्हणाले, "सिदू काय परका हाय का? घरचाच की."

श्रावणातल्या एका सोमवारी अण्णा आणि हेमावती अक्का कुलदैवताला गेले. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून वीरभद्राचं जुनं देऊळ आहे. नेहमीप्रमाणे जोडे, पाकीट आणि पट्टा सिदूकडे. दर्शन झालं आणि मग महाप्रसाद. अण्णा हुग्गीला नाही म्हणत नाहीत. गव्हाची ती गोड खीर, वर तुपाची धार, सोबत होळगी म्हणजे पुरणाची पोळी, वाढणाऱ्याचा हात सैल आणि खाणाऱ्याचा त्याहून सैल. उठताना त्यांना दोघांनी हात दिला. गाडीपाशी येऊन त्यांनी पट्टा कमरेला लावून पाहिला, तर कालपर्यंत लागणारं भोक आज बोटभर लांब राहिलं. पोट आत घेतलं, श्वास धरला, तरी नाही.

"राहू दे तुझ्याकडंच," अण्णा सिदूला म्हणाले. "घरी गेल्यावर बघू."

सिदूला गाडी चालवायला दोन्ही हात हवेत. शेजारच्या सीटवर प्रसादाची पिशवी घेऊन अण्णा स्वतः बसलेले, मागे अक्का आणि नारळांचं पोतं. मग त्यानं पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका गळ्यात घातला, जशी धनगराची पोरं पाण्याची बाटली घालतात तसा, आणि गाडी सुरू केली. कव्हरातली मूठ त्याच्या काखेखाली होती. अण्णा वेशीपर्यंतसुद्धा जागे राहिले नाहीत.

सोलापूरच्या रस्त्याला त्या दिवशी नाकाबंदी होती. कर्नाटकातून गुटखा येतो म्हणून वरून आदेश आला होता आणि लहान-मोठी, पांढरी-काळी, प्रत्येक गाडी थांबवायची होती. बंदोबस्ताला एक तरुण फौजदार बाई होत्या, शिपाई त्यांना ऋतुजा मॅडम म्हणत होते. सिदूनं ब्रेक लावला तसे अण्णा जागे झाले. समोर लोखंडी अडथळे, खाकी कपडे, आणि एक शिपाई चक्क त्यांच्याच खिडकीकडे येतोय. हेमावती अक्का सांगतात की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा ह्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता.

अण्णांनी काच खाली केली. दोन्ही तळहात समोरच्या डॅशबोर्डवर सपाट टेकले. प्रसादाची पिशवी मांडीवरून घसरून बुंदी पायात सांडली, पण त्यांनी हात हलवला नाही. घसा साफ करून ते म्हणाले, "नमस्कार साहेब. माझ्या कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. मी त्याला हात लावणार नाही. परवाना खिशात आहे, आपण सांगाल तेव्हा काढतो."

शिपाई दचकलाच. गुटख्याऐवजी रिव्हॉल्व्हर निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं मॅडमना हाक मारली. मॅडम आल्या, अण्णांचं म्हणणं पुन्हा ऐकून घेतलं आणि सावकाश खाली उतरा म्हणाल्या. अण्णा उतरले, हात छातीच्या उंचीवर, तळवे समोर. शिपायानं झब्बा वर उचलला. खाली पायजम्याची नाडी होती आणि तुकतुकीत पोट होतं. रिव्हॉल्व्हर नव्हतं.

मॅडमनी विचारलं, कुठं आहे? अण्णांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग त्यांना आठवलं. पण तोवर पलीकडच्या बाजूला दुसऱ्या शिपायानं सिदूच्या काखेतली मूठ पाहिली होती. त्यानं दार उघडलं, सिदूची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं आणि बॉनेटवर दाबलं. बॉनेट तापलेलं होतं. सिदूनं दोन्ही हात त्यावर पसरून ठेवले आणि काढले नाहीत. तो धडपडला नाही, ओरडला नाही. अण्णांनी इतके दिवस बाजाराला जे शिकवलं ते त्यानं बिनचूक करून दाखवलं. म्हणाला, "साहेब, मालकाचं हाय. देवळात चामडं चालत न्हाय म्हणून मालकांनी माझ्याकडं दिलं व्हतं. मी हात लावत न्हाय, तुमीच काढून घ्या."

मॅडमनी पट्टा काढून घ्यायला लावला, गोळ्या बाजूला केल्या, परवाना पाहिला. परवाना चोख होता. मग त्या अण्णांकडे वळल्या. म्हणाल्या की परवाना तुमच्या नावावर आहे आणि शस्त्र या माणसाच्या गळ्यात सापडलंय, तर मला एकच सांगा, तुम्ही दिलंत की यानं घेतलं?

प्रश्न एवढाच होता. मी दिलं म्हटलं तर परवान्याची अट मोडली, परवाना जाणार, पट्टा जाणार, लग्नातली पुढची खुर्ची जाणार. यानं घेतलं म्हटलं तर सिदूवर बेकायदा हत्यार बाळगल्याचा गुन्हा, रात्री कोठडी, आणि पूनमच्या चौकशीच्या कागदावर बापाचं नाव. हे सगळं अण्णांना कळत होतं. मंद माणूस ज्वारीच्या धंद्यात इतकी वर्षं टिकत नाही.

अण्णा अजिबात गडबडले नाहीत. हात अजून वरच होते. आवाज खालच्या पट्टीत, शब्द मोजून, पुण्याच्या त्या सुभेदारानं पाठ थोपटावी असा.

"मॅडम, मी ते काढून गाडीत ठेवलं होतं. मला झोप लागली. हा ड्रायव्हर आहे, पगारी माणूस. यानं कधी उचललं, मला कल्पना नाही. आपण कायद्यानं काय ते करा, माझं पूर्ण सहकार्य राहील."

बॉनेटवरून सिदूनं मान वळवून बघितलं. "अण्णा," एवढंच म्हणाला. अण्णा मॅडमच्या नावाची पट्टी वाचत होते.

मॅडमनी सिदूला जीपमध्ये बसवायला सांगितलं. शिपायानं त्याचा दंड धरला आणि ते दोन पावलं गेले असतील, तोच गाडीचं मागचं दार उघडलं आणि हेमावती अक्का नारळाच्या पोत्यावरून पाय टाकत खाली उतरल्या. पदर खोचलेला, डोळे लाल. नवऱ्यासमोर उभ्या राहून त्यांनी आधी कानडीत सुनावलं, "सुळ्ळ हेळब्याड्री." खोटं बोलू नका. कानडी समजणारा एक शिपाई एकदम सरळ उभा राहिला.

मग मॅडमकडे वळून त्यांनी मराठीत सगळं सांगितलं. यांनीच दिलं. हुग्गी जास्त झाली, पट्टा लागेना, म्हणून दिलं. आजच नाही, दर सोमवारी देतात, दर जेवणाला देतात, न्हाव्याकडे बसले तरी देतात. बाजारात कुणालाही विचारा. त्या माणसानं मागितलं नव्हतं, त्याला नको होतं, मालकानं गळ्यात घातलं म्हणून त्यानं वागवलं. बोलता बोलता अक्कांचा आवाज इतका चढला की मागच्या गाड्यांमधले लोक उतरून बघायला लागले.

अण्णांना या सगळ्यात एकच गोष्ट खटकली. ते हळूच म्हणाले, "हेमा, आवाज चढवू नको."

"चढवणार," अक्का म्हणाल्या. "लिहून घ्या मॅडम माझं नाव. सही करते."

त्यांनी सही केली. सिदूचा दंड सुटला. मॅडमनी रिव्हॉल्व्हर आणि परवाना ताब्यात घेतला, सगळ्यांना पोलीस ठाण्यात नेऊन जबाब घेतले, आणि परवाना का रद्द करू नये अशी नोटीस अण्णांना येईल असं सांगून संध्याकाळच्या आत सोडून दिलं. परतीच्या वाटेत गाडी सिदूनंच चालवली. हेमावती अक्का पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि अण्णा मागे, नारळांजवळ.

हे सगळं मला अक्कांनी त्याच रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा शेजारी अण्णांची सभा भरलेली होती. बातमी बाजारात आधीच आलेली, त्यामुळे हमाल, मापाडी, कुमार, अडते, सगळे जमले होते. अण्णा गादीवर बसले होते. कमरेला काही नव्हतं, पण झब्बा सावरायची सवय गेली नव्हती. ते सांगत होते की पोलिसांशी कसं वागावं ते काल प्रत्यक्ष बघायला पाहिजे होतं. हात वर, आवाज खाली. बायकांना धीर नसतो, ती ओरडली आणि त्यामुळे परवाना अडकला. पण मी एक शब्द जरी चढून बोललो असतो तर सिदू काल आत गेला असता.

माझं डोकं असं फिरलं की हातातली तुरीची परात तशीच घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. बोलणार होतो. पण तेवढ्यात सिदू आला. अंघोळ केलेला, धुतलेला सदरा, हातात गाडीची चावी. लोकांनी त्याला वाट दिली.

अण्णांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. म्हणाले, "ये सिदू. सांग यांना, काल मी कसा होतो ते."

सिदू गादीपाशी आला.

"लई शांत व्हता, अण्णा," तो म्हणाला.

अण्णांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. सिदूचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्यांनी कॉलर धरली तवा मला भ्या न्हाय वाटलं. म्हनलं, अण्णा हायत की हितं. मग तुमी बोलला." त्यानं चावी गादीच्या कडेला ठेवली. "तवा भ्या वाटलं."

कुमारनं वस्तऱ्याची पेटी उचलली आणि तो दाढी न करताच निघून गेला. अण्णांनी सिदूला बसायला सांगितलं, त्याच्यासाठी चहा मागवला, आणि आवाज जरासुद्धा चढवला नाही. चहा आला तेव्हा सिदू बाजाराच्या फाटकाबाहेर गेलेला होता.